समतोल क्रॉसओव्हर : दोन तारांची समान जबाबदारी

मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारे 20 पासून 20,000 पर्यंत कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. त्यांतील सर्वांत मंद्र स्वराची लहर हवेत 17 मीटर लांब असते, तर सर्वांत तार स्वराची लहर दोन सेंटिमीटरही भरत नाही. इतक्या विषम लहरी एकाच पडद्याने सारख्याच निष्ठेने उत्पन्न कराव्यात, ही अपेक्षा पदार्थविज्ञानाच्या नियमांत बसणारी नव्हे. म्हणून मंद्र स्वर मोठ्या वूफरकडे आणि तार स्वर लहानग्या ट्वीटरकडे सोपविण्याची तजवीज करावी लागते. ही वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. आणि ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्यामध्ये बसून, स्वतःसाठी वेगळी वीज न घेता, केवळ तांब्याच्या तारेची वेटोळी, कपॅसिटर आणि रोधक यांच्या बळावर जे मंडल हे काम करते, ते पॅसिव्ह क्रॉसओव्हर होय.

त्याचे तत्त्व सोपे आहे. कंपने जितकी जलद तितका वेटोळ्याचा अडथळा वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो. म्हणून वूफरच्या वाटेत वेटोळे आणि ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर ठेवला, की ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या पदरात पडतो. 8 ओहमचे दोन स्पीकर घेऊन 2,500 हर्ट्झवर सरहद्द आखावयाची म्हटले, तर अगदी साध्या मंडलात वूफरसाठी सुमारे 0.51 मिलिहेन्रीचे वेटोळे आणि ट्वीटरसाठी सुमारे 8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. रूढ पद्धतीत हे दोन्ही भाग धन तारेत बसवितात आणि ऋण तार मात्र थेट स्पीकरपर्यंत नेतात.

समतोल रचनेत ही जबाबदारी दोन्ही तारांवर सारखी टाकली जाते. वेटोळी एकामागून एक जोडली असता त्यांच्या मूल्यांची बेरीज होते, म्हणून 0.51 मिलिहेन्रीचे दोन समान भाग करून प्रत्येक तारेत सुमारे 0.255 मिलिहेन्रीचे एकेक वेटोळे बसवावे. उलट, दोन समान कपॅसिटर तसे जोडले असता एकत्रित मूल्य निम्मे होते, म्हणून एका 8 मायक्रोफॅरडच्या जागी प्रत्येक तारेत 16 मायक्रोफॅरडचा एकेक लागतो. याहून अधिक भाग असलेल्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या मंडलात जो भाग दोन तारांच्या मधोमध आडवा जोडलेला असतो, तो मुळातच उभयतांना समान असल्यामुळे जसाच्या तसा राहतो.

ही कल्पना ध्वनिक्षेपकांच्या दुनियेत जन्मलेली नाही. अमेरिकेच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या जॉर्ज कॅम्पबेल यांना वेटोळी व कपॅसिटर यांच्या गाळणीचे पेटंट 1917 साली मिळाले. दूरध्वनीच्या लांबच लांब तारांवर शेजारच्या वीजवाहिन्यांचा उपसर्ग होई. तो दोन्ही तारांवर सारखाच झाला, तर त्यांच्यातील विद्युत्दाबाच्या फरकावर चालणाऱ्या यंत्राला तो ऐकूच येत नाही, परंतु त्यासाठी जमिनीच्या संदर्भात दोन्ही तारांची स्थिती एकसारखी असावी लागते. म्हणून अशा तारांवरील गाळणीचे भागही दोहोंकडे समान वाटीत. ध्वनिक्षेपकाची तार त्या मानाने अगदी आखूड, तिच्यावरील भार अवघ्या काही ओहमांचा आणि तिच्यातील विद्युत्दाब पुष्कळ मोठा. त्यामुळे तो उपसर्ग येथे जवळजवळ जाणवत नाही. मात्र ज्या ॲम्प्लिफायरची दोन्ही अग्रे जिवंत असतात, म्हणजे ज्याला ब्रिज्ड म्हणतात, त्याच्यापुढे दोन्ही तारांना सारखा भार मिळणे हे युक्त व सयुक्तिक आहे.

प्रयोग करणाऱ्याने काही गोष्टींची खातरजमा आधीच करून घ्यावी. समतोल मंडलात वूफर आणि ट्वीटर यांची ऋण अग्रे एकमेकांस कदापि जोडू नयेत, कारण तसे केल्यास ऋण तारांतील वेटोळे व कपॅसिटर समांतर होऊन दोन्ही शाखांचा हिशेब बिघडतो. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्यात. दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांत मिसळून मूल्य वाढते किंवा घटते, यास्तव ती एकमेकांपासून दूर आणि काटकोनात बसवावीत. तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : त्याच आकाराच्या वेटोळ्याचे मूल्य फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे निम्म्या मूल्यासाठी निम्म्या नव्हे, तर सुमारे 70 टक्के फेऱ्या लागतात, अर्थात दोन वेटोळी मिळून तार आणि तिचा रोध सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. तेव्हा तुलना न्याय्य व्हावयाची असेल, तर अधिक जाड तार वापरून एकूण रोध पहिल्याइतकाच ठेवणे अवश्य आहे. खर्चाची बाबही नोंदण्याजोगी आहे, कारण एका 8 मायक्रोफॅरडच्या जागी एकंदर 32 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर विकत घ्यावे लागतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, स्पीकरचा पडदा केवळ आपल्या दोन अग्रांमधील विद्युत्दाबाच्या फरकावर हलतो, आणि गणिताच्या दृष्टीने दोन्ही रचनांत तो फरक तंतोतंत एकच आहे. समतोल मंडल जोडल्यावर आवाज अधिक मोकळा वाटला, तर त्या अनुभवाचा अनादर करू नये. परंतु वाढलेला रोध, वेटोळ्यांचा परस्परसंबंध आणि कपॅसिटरांच्या मूल्यांतील तफावत ही तीन कारणे मोजमापाने बाद केल्याखेरीज त्याचे श्रेय समतोलाला देऊ नये. त्यासाठी भागांची मूल्ये एलसीआर मीटरवर तपासावी, मायक्रोफोन एकाच जागी ठेवून दोन्ही मंडलांचे आलेख काढावे, आणि कोणते मंडल चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता दुसऱ्याकडून बटण फिरवून घ्यावे.

ॲम्प्लिफायर ब्रिज्ड असेल तर समतोल रचना जरूर करून पाहावी. तो साधा असेल, तर तेच पैसे उत्तम वेटोळ्यांवर आणि भक्कम पेटीवर खर्च करणे अधिक फलदायी ठरेल.