विल्यम हेस्टी

विल्यम हेन्री हेस्टी (१७ नोव्हेंबर १९०४ – १४ एप्रिल १९७६) हे अमेरिकन विधिज्ञ व न्यायाधीश होते. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयावर नियुक्त झालेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायाधीश होत.

प्रारंभिक जीवन व कारकीर्द

हेस्टी यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे झाला. १९२५ साली ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असताना थर्गूड मार्शल हे त्यांचे विद्यार्थी होते.

१९३७ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. त्यामुळे ते अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश ठरले. हे पद मात्र ठरावीक मुदतीचे होते. १९३९ मध्ये राजीनामा देऊन ते हॉवर्डच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धमंत्र्यांचे सल्लागार होते. परंतु सैन्यातील वर्णभेद कायम राहिल्याच्या निषेधार्थ १९४३ मध्ये त्यांनी ते पद सोडले. १९४४ च्या 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' खटल्यात त्यांनी मार्शल यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत केवळ गोऱ्यांना मतदान करू देण्याची टेक्सासमधील प्रथा या निकालाने घटनाबाह्य ठरली. १९४६ ते १९४९ या काळात ते व्हर्जिन बेटांचे राज्यपाल होते.

अपील न्यायालयावरील नियुक्ती

संघीय अपील न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात व सिनेट त्यास मंजुरी देते. सिनेटचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्राध्यक्षांना तात्पुरती नियुक्ती करता येते. तथापि पुढील सत्र संपेपर्यंत मंजुरी न मिळाल्यास ती संपुष्टात येते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २१ ऑक्टोबर १९४९ रोजी हेस्टी यांना याच मार्गाने तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर नेमले. जानेवारी १९५० मध्ये त्यांचे नाव रीतसर सिनेटकडे पाठवण्यात आले आणि १९ जुलै १९५० रोजी त्यास मंजुरी मिळाली. म्हणजे सुमारे नऊ महिने त्यांचे न्यायाधीशपद सिनेटच्या निर्णयावर अवलंबून होते. मंजुरीनंतर त्यांना तहहयात पदाचे संरक्षण लाभले. राज्यघटनेने दिलेले हे संरक्षण त्यांच्यापूर्वी कोणत्याही कृष्णवर्णीय न्यायाधीशास मिळाले नव्हते.

या न्यायालयाचे मुख्यालय फिलाडेल्फिया येथे असून पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व डेलावेअर या राज्यांसह व्हर्जिन बेटेही त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात.

उत्तरकाळ

१९६२ साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हेस्टी यांच्या नावाचा विचार केला होता. प्रत्यक्षात बायरन व्हाइट यांची नियुक्ती झाली. १९६८ ते १९७१ या काळात हेस्टी तिसऱ्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश होते. त्यानंतर ते ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून मृत्यूपर्यंत कार्यरत राहिले. त्यांचे विद्यार्थी मार्शल १९६१ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर नेमले गेले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.