मानेची झिजलेली गादी : नव्वद वर्षांचा मागोवा

मानेच्या एमआरआयचा अहवाल हाती आला की नजर शेवटच्या ओळींवर खिळते. ‘सी ५-सी ६ आणि सी ६-सी ७ : डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन.’ मग घरात बोलणं सुरू होतं : मणक्यात गॅप पडलाय, गादी सरकलीय, नस दबलीय. या ओळींचा खरा अर्थ उलगडायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. तो सगळा प्रवास प्रत्येक रुग्णापर्यंत पोचायला हवा, असं मला फार वाटतं.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. क्ष-किरणांत हाड दिसतं, गादी दिसत नाही. दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं पाहून गादीचा अंदाज बांधायचा, एवढंच हाती होतं. मणक्यांमधून पुढे आलेली गाठ कित्येकदा ट्यूमर समजून काढली जाई. १९३४ साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं, की अशा अनेक गाठी म्हणजे फाटून बाहेर आलेली गादीच असते आणि तीच नसेला दाबते. १९५२ साली लंडनमध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या स्पाँडिलोसिसचं, म्हणजे झिजेचं, सविस्तर वर्णन केलं. अचानक फाटलेली गादी वेगळी आणि वर्षानुवर्षांच्या झिजेने मज्जारज्जूवर येणारा दाब वेगळा, हा भेद त्यातून ठळक झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मानेच्या पुढच्या बाजूने गादी काढून मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियाही आल्या. झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, हा समज याच काळात घट्ट झाला.

१९७० च्या दशकात लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड या शास्त्रज्ञांच्या कामातून एमआरआय आकाराला आला. १९८० च्या दशकात तो रुग्णालयांत पोचला आणि गादी पहिल्यांदा स्वच्छ दिसू लागली. टी २ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून तरुण गादी उजळ आणि वाळलेली गादी काळपट दिसते. डेसिकेशन म्हणजे हे वाळणं. डिफ्यूज बल्ज म्हणजे गादीचा पसरट फुगवटा, आणि थीकल सॅक इंडेंटेशन म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीवर उमटलेला त्याचा दाब. गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते आणि वयाबरोबर तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. मानेच्या खालच्या भागात हालचाल आणि भार दोन्ही जास्त, म्हणून अहवालात सी ५-सी ६ आणि सी ६-सी ७ ही नावं पुन्हापुन्हा येतात.

चित्र इतकं स्पष्ट झाल्यावर मोठा प्रश्न पुढे आला : ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांच्या माना कशा दिसतात? १९९० साली अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेची तक्रार नसलेल्या ६३ जणांचे एमआरआय काढले आणि रुग्णांच्या चित्रांत मिसळून तज्ज्ञांकडे वाचायला दिले. चाळिशीच्या आतल्या २५ टक्के लोकांत किमान एक गादी झिजलेली किंवा अरुंद होती, चाळिशीपुढे जवळजवळ ६० टक्क्यांत. १९९८ साली जपानमध्ये ४९७ निरोगी माणसं तपासली गेली, तेव्हा साठीपुढच्या ८५ टक्क्यांहून अधिक लोकांत झीज आढळली. २०१५ साली तिथल्याच १,२११ निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासात ८७.६ टक्क्यांच्या गादीला फुगवटा होता. विशीतल्यांतही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. मानेची झीज केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूण आहे. ती दिसली म्हणून दुखण्याचं कारण तीच, असं म्हणता येत नाही.

पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही आणि स्कॅनही निरुपयोगी ठरत नाही. सी ५-सी ६ ला दाबली जाणारी नस अंगठ्याच्या बाजूला मुंग्या आणते, तर सी ६-सी ७ ची नस बहुधा मधल्या बोटाकडे. हाताची तक्रार, तपासणी आणि चित्रातली जागा जुळली, तर अहवालातल्या त्या ओळीला वजन येतं. आणि तेव्हाही धीर सोडायचं कारण नसतं. के. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या, मानेची नस दुखावलेल्या ५६१ रुग्णांचा आढावा मांडला. सुमारे चौथ्या हिश्श्याला शस्त्रक्रिया लागली, पण शेवटच्या पाहणीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता.

मज्जारज्जूवर दाब येत असेल तर मात्र थांबू नये. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, अक्षर बिघडणं, चालताना तोल जाणं, हातापायांतली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही नव्याने सुरू झालं तर लगेच डॉक्टर गाठावा, मान दुखत नसली तरीही. ताप, नकळत घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा अपघात असेल तरी तसंच.

अहवालातच ‘या वयात असे बदल निरोगी लोकांतही आढळतात’ अशी ओळ छापावी, हा प्रयोग कमरेच्या स्कॅनवर झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सुमारे अडीच लाख रुग्णांच्या चाचणीत त्या ओळीने उपचारांचं एकूण प्रमाण घटलं नाही, अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. तरी ती ओळ आपल्याकडच्या प्रत्येक अहवालात यावी, असं मी म्हणेन. पण नुसती छापील ओळ पुरत नाही, हेही या चाचणीने शिकवलं. म्हणून समोर बसलेल्या डॉक्टरांना विचारा : माझी तक्रार या जागेशी जुळते का? माझ्या वयाला हे नेहमीचं आहे का? मज्जारज्जू मोकळा आहे का? या तीन उत्तरांशिवाय अहवाल अर्धाच वाचून झालेला असतो, आणि ती उत्तरं मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.