वाळूशी झुंजणारी मरूद्याने

वाळवंट म्हटले, की दूरवर पसरलेली वाळूच डोळ्यांसमोर येते. परंतु अशा रखरखीत प्रदेशातही जेथे भूगर्भातील पाणी हाताशी येते, तेथे खजुराची झाडे डोलतात, शेती पिकते आणि माणसे वस्ती करतात. अशा हिरव्या स्थळाला 'मरूद्यान' म्हणतात. मरूद्यानाला पाण्याच्या टंचाईइतकेच भय असते, ते वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूचे.

वाळूचे कण धुळीसारखे आकाशात उंच जात नाहीत. जड असल्यामुळे ते जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात. खाली आदळणारा प्रत्येक कण इतर कणांना उडवतो. बहुतांश वाळू जमिनीपासून एक मीटर उंचीच्या आतच वाहते. म्हणून तिला अडवण्यास उंच तट लागत नाही. वाऱ्याचा वेग कमी केला, की पुरे. भक्कम भिंतीला अडलेला वारा उसळून भोवरे निर्माण करतो. याउलट, खजुराच्या झावळ्यांच्या कुंपणातील फटींतून थोडा वारा आरपार जातो, त्याचा जोर ओसरतो आणि वाळू तेथेच खाली बसते.

अल्जीरियाच्या ईशान्येकडील सूफ प्रदेशात हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. तेथील शेतकरी वाळूच्या टेकड्यांमध्ये विस्तीर्ण खड्डे खणतात आणि त्यांच्या तळाशी खजूर लावतात, जेणेकरून झाडांची मुळे थेट भूजलापर्यंत पोहोचावीत. या खड्ड्यांना 'घूत' म्हणतात. काठावर झावळ्यांची कुंपणे उभारली जातात. कुंपण वाळूत बुडाले, की त्यावर नवे उभारायचे. तरीही आत आलेली वाळू टोपल्यांत भरून वर वाहून न्यायची, असा हा अखंड परिश्रम असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र निराळेच संकट आले. खोल विहिरींतून उपसलेले पाणी आणि शहराचे सांडपाणी जमिनीत मुरून भूजल वर चढले. अनेक घूतांत पाणी साचले, मुळे कुजली आणि खजूर मेले. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. परंतु केवळ मान्यतेने वाळू थांबत नाही. शेतकऱ्याने पाठ फिरवली, की ती पुन्हा खड्ड्यात उतरू लागते.

मरूद्यान ही निसर्गाची देणगी खरी. पण ते टिकते माणसाच्या रोजच्या श्रमांवर आणि पाण्याच्या संयमित वापरावर.