मे महिन्यातली माती

गच्चीवरची सामूहिक बाग पाहायला लोक श्रावणात येतात आणि वेलाला लटकलेल्या दुधीचे फोटो काढून जातात. बागेचं खरं काम पाहायचं तर मे महिन्यात चढावं. तेव्हा हिरवं फारसं नसतं. ग्रीन नेटखाली चार मिरच्या, थोडं अळू, उन्हाला न जुमानणारी मायाळू आणि कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग. पावसाळ्यात बागेला जे काही येणार, ते त्या ढिगाच्या जोरावर.

मुंबईत या कामाला वळण मिळालं ते गोदीत. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचं काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. त्याआधी वांद्र्यात डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडावर आणि साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भाजी पिकवत होते. पुढे पाटील यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ हा उपक्रम सुरू केला आणि शहरातली नोकरदार माणसं सुट्टीच्या दिवशी मातीत हात घालू लागली.

पाटील यांच्या कामामागे विचार होता श्रीपाद अच्युत दाभोलकरांचा. गणित शिकवणारा हा माणूस तासगावच्या द्राक्षबागायतदारांना प्रयोगशील शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त घेऊन आला. दहा गुंठ्यांत पाच जणांचं कुटुंब नीट जगू शकतं, हे त्यांनी हिशेबानिशी मांडलं. तासगावची द्राक्षं आपण आवडीने खातो, पण नरेंद्र दाभोलकरांच्या या मोठ्या भावाचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

या परंपरेतली ‘अमृत माटी’ करायला सोपी आहे, पण घाईच्या माणसाचं ते काम नाही. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस मुरवायचं, रोज दोन-तीनदा काठीने दोन्ही दिशांनी ढवळायचं. मग त्यात दसपट पाणी घालून पाचोळा दिवसभर भिजत ठेवायचा. भिजलेला पाचोळा आणि माती यांचे थरावर थर रचून ढीग करायचा, महिनाभर दर आठवड्याला तो खालीवर करायचा. मग त्यावर गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा रसांच्या झाडांचं बी पेरायचं. रोपं एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी छाटून तिथेच पसरायची. सगळं मिळून चार-साडेचार महिने लागतात. फेब्रुवारीत पानगळीचा पाचोळा गोळा केला, तर पावसाच्या तोंडावर माती हाताशी येते. तोच पाचोळा आपण रस्त्याकडेला जाळतो, याला काय म्हणावं!

घोडं अडतं ते मे महिन्यात. शाळांना सुट्टी लागते आणि मदतनीस गावी जातात, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला. नेमकं तेव्हाच ढिगाला ओल लागते आणि कुंड्यांना रोज पाणी. त्यात पाणीकपात. २०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात होती. अशा वेळी वाळल्या पानांचं जाड आच्छादन आणि तांदूळ धुतलेलं पाणी यांवरच बाग तग धरते.

उपनगरात आणखीही कटकटी असतात. मुलुंड-बोरिवलीला नॅशनल पार्कमधली माकडं, आणि कुठल्याही सोसायटीत स्लॅब गळेल म्हणून धास्तावलेले सेक्रेटरीकाका. काकांची शंका रास्त आहे. आधी वॉटरप्रूफिंग पाहावं, वाफा जमिनीला टेकवू नये, खालून पाणी निघून जाऊ द्यावं. पाचोळ्याची माती लाल मातीपेक्षा हलकी असते, हेही त्यांना सांगावं. ओल्या कचऱ्याचंही सांगावं. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आदेश महापालिकेने २०१७मध्ये काढला. बाग असली की त्यातला बराच कचरा तिथेच कामी येतो.

उद्घाटनाला झारी धरून उभे राहणारे पुष्कळ भेटतात. बागेला हवा असतो तो भर मेमध्ये सकाळी सातला जिना चढणारा एकच माणूस. तुमच्या सोसायटीत असा ढीग असेल आणि तुम्ही यंदा गावी जाणार नसाल, तर मेच्या शेवटच्या पंधरवड्यातली पाण्याची पाळी आताच आपल्या नावावर लिहून घ्या.