बर्फ-गिरमिट
बर्फ-गिरमिट हे गोठलेल्या तलावावर मासेमारीसाठी छिद्र पाडणारे यंत्र आहे. कॅनडा, फिनलंड व अमेरिकेतील मिनेसोटा येथे ते वापरले जाते. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलचे बाष्पीभवन मंदावते व इंजिनातील हवा-इंधन मिश्रण विरळ होते. म्हणून सुरू करताना चोक लावून हवा कमी करतात. तरीही इंजिन सुरू न झाल्यास स्पार्क प्लग काढून पाहतात. प्लग ओला असल्यास पेट्रोल जास्त झालेले असते किंवा ठिणगी पडत नसते. तो कोरडा करून, ठिणगी तपासून, चोक न लावता दोरी ओढतात. प्लग कोरडा असल्यास इंधन पोहोचलेले नसते. मागील हंगामातील शिळ्या पेट्रोलच्या चिकट थराने कार्ब्युरेटर तुंबतो किंवा इंधनातील पाणी नळीत गोठते. बंद तंबूत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवू शकतो.