खारी हवा आणि पात्याचा कल

रायगडच्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल लोखंडाला सोडत नाही. सुतारशाळेतील टेबल सॉच्या मेजाखाली, पाते कलवणाऱ्या वर्म गिअरवर गंज चढतो. त्यात भुसा दाटला की हातचाक जड फिरते. अशा वेळी जोर लावू नये. प्रथम वीजजोड काढावा व कलाची पकड सैल केली आहे का, ते पाहावे. नंतर दात्यांतील भुसा ब्रशने काढून चिकटलेली राळ रॉकेलने पुसावी. सारे पूर्ण वाळल्यावर सुके मेण किंवा ग्रॅफाइट लावावे. उघड्या ग्रीसला भुसा पुन्हा चिकटतो.

मग पाते उभे करून गुण्याने 90 अंश तपासावेत आणि फरक असल्यास मर्यादेचा स्क्रू फिरवून तो दूर करावा. 45 अंशांनाही हीच रीत. चौकोनी पेटीच्या कोपऱ्यांना असे आठ तिरके काप लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश कमी पडला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते.

पकड ढिली राहिल्यास पाते कापतानाच सरकते. तेव्हा प्रश्न पेटीचा नसून बोटांचा असतो. म्हणून पकड आवळल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, हा पाठ आम्ही सर्वांत आधी देतो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कारखाने थाटलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी तो आपल्या कारागिरांनाही द्यावा.