गुणपत्रिकेबाहेरचे पर्यावरण

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचा ताप घेऊन आलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला मी सहज विचारले, ‘हा डास वाढतो कुठे?’ ‘गटारात,’ ती तत्काळ म्हणाली. पर्यावरण विषयात ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली होती. वस्तुतः डेंग्यू पसरविणारा एडिस डास बहुधा घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपात, कुंडीखालच्या बशीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये.

दोष तिचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे पुण्याचे डॉ. एरच भरुचा हे पेशाने शल्यचिकित्सक! भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेची धुराही त्यांनी वाहिली. त्या अभ्यासक्रमात ५० तासिकांपैकी ५ तासिका आणि १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवलेले होते. तळे, टेकडी, नदी पाहावी. परिसरातील झाडे, कीटक, पक्षी ओळखावेत, ही अपेक्षा. अनेक ठिकाणी मात्र हे क्षेत्रकार्य एकमेकांच्या वह्या उतरवून पुरे होते.

म्हणूनच महाविद्यालयाच्या आवारातील निसर्ग केंद्र ही मला चैन वाटत नाही. तेथील लहानशा तळ्यात चतुराच्या अळ्या आणि मासे डासांच्या अळ्या फस्त करतात. शेजारच्या फुटक्या डब्यात मात्र भक्षकच नसल्याने त्याच अळ्या निर्धास्त वळवळतात. जिवंत तळे बुजवू नये आणि डबा मात्र उपडा करावा, हा विवेक एकदा डोळ्यांनी पाहिला की आयुष्यभर टिकतो. संवर्धन आणि आरोग्य येथे एकाच काठावर भेटतात.

अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून आतून घासावीत. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

पालकहो, मुलांना पर्यावरणात गुण किती मिळाले, हे अवश्य विचारा. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ‘तुम्ही कोणते तळे पाहिले?’ उत्तर मिळाले नाही, तर येत्या रविवारी त्यांना घेऊन स्वतःच जवळच्या तळ्याकाठी जा. परतल्यावर फ्रिजमागचा ट्रेही पाहा.